आधी कुलाब्याची ओहोटी, मग ग्रीसचा वारा

ग्रीसला दोघी निघालात ते चांगलंच आहे. पण विमानाच्या तिकिटाआधी पंचांग उघडा. मुहूर्त बघायला नाही, तिथी बघायला. कुठल्या तिथीला समुद्र किती वाजता भरतो आणि किती वाजता ओसरतो हे ज्याला बोटांवर मोजता येतं, त्याची बेटावर फजिती होत नाही. माझ्या सासूबाईंना हे चेंदणी कोळीवाड्यातून दारावर येणाऱ्या कोळणीनं शिकवलं, सासूबाईंनी मला, आणि आता तुझी नि तुझ्या मैत्रिणीची पाळी.

तुम्हाला वाटेल, आत्याला ग्रीसचं विचारलं तर ती अलिबागचं सांगत बसली. बसणारच आहे. निवृत्तीनंतर मी आणि माझी मैत्रीण ग्रीस बघून आलो, तेव्हा तिथे जे जे उपयोगी पडलं ते सगळं इथल्याच किनाऱ्यावर शिकलेलं होतं. हलत्या बोटीतून धक्क्यावर पाय कसा टाकायचा, पडक्या भिंतीपुढे उभं राहून नेमकं काय बघायचं, दोघींतली एक दमली तर दुसरीनं काय करायचं. तिकडे एक बोट चुकली की हॉटेलची रात्र बुडते, पुढचं तिकीट बुडतं आणि वर दोघींचं भांडण होतं. अलिबागला चुकली तर शहाळं पिऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी येता येतं. चुका करायच्याच असतील तर जिथे त्या स्वस्तात पडतात तिथे करून घ्याव्यात.

शिवाय आपण खोपटची माणसं बेटावरचीच की! साष्टी बेट म्हणतात ते हेच. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. कळव्याचा पूल ओलांडला की बेट संपतं. पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली आणि कल्याण गाठायला १८५४ उजाडलं, कारण मध्ये खाडीवर पूल बांधायचा होता. रोज लोकलनं तो पूल ओलांडणाऱ्या डोंबिवलीकरांना आपण बेटावर नोकरीला जातो हे कुणी सांगतच नाही.

आता तिथीचं गणित. आमच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेली असते. तुमच्या मोबाइलमध्येही जमेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर भरती पूर्ण असते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटे आणि दुपारीही. त्यापासून साधारण सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेलं की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी तीच. अर्धा तास इकडचं तिकडे होतं, पण घरातून कधी निघायचं ते ठरवायला एवढं पुरतं. नेमकी वेळ भरतीच्या वेळापत्रकात छापलेली असते, ती ताडून बघायची. पण गणित स्वतःला यावं. समुद्राच्या मधोमध मोबाइलला रेंज नसते.

याच्या पुढची पायरी कोळी लोक सांगतात, सहलीची माहितीपत्रकं सांगत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतं ते उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास असतो तो भांग. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. नवखा माणूस काय करतो, तर अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते हे बघून खूश होतो, जेवणवेळेला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायला निघतो आणि मध्येच मांडीभर पाण्यात उभा राहतो. ओहोटी असते, पण ती भांगाची. कुलाब्याला चालत जायचं तर द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी धरा. उधाणाचा जोर अजून असतो, आणि ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमाराला येते. ऊनही कोवळं असतं. ओहोटीच्या तासभर आधी वाळूत पाय घाला, किल्ला बघा, आणि पाणी वळलं असं दिसताच परत फिरा. पट्ट्याची चप्पल घाला, कारण खडकावरची कालवं पाय कापतात. पायपीट नको असेल तर ओहोटीच्या वेळी घोडागाड्याही जातात, पण वाळूतून चालत किल्ला जवळ येताना बघणं हे वेगळंच सुख आहे. पैसे वाचतात ते निराळे.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला काढला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत १७५९ साली रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. देवाला नमस्कार करा, पण त्याहून जास्त वेळ गोड्या पाण्याच्या टाक्या-विहिरींपाशी घालवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, यावरच जलदुर्गाचा जीव असतो. हे एकदा डोक्यात बसलं की जगातलं कुठलंही बेट वाचता येतं.

खोपटच्या आगारातून नाही तर ठाणे स्टेशनबाहेरच्या स्थानकातून अलिबागची गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पनवेल गाठायचं आणि तिथून पेणमार्गे जायचं. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीटच नाही. म्हणजे तुम्ही दोघींनी अर्ध्या-अर्ध्या तिकिटात मला फुकट न्यायला हरकत नाही.

आता ग्रीस. तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी असून नसल्यासारखी. पाणी वीतभर वर-खाली होतं, तेवढंच. म्हणून आपल्या माणसाला वाटतं की आता काळजी मिटली. मिटत नाही. तिथे पाण्याऐवजी वारा बघायचा. उन्हाळ्यात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक कोरडा जोरकस वारा सुटतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही आणि बंदरावर पाटी लागलेली असते की आजच्या बोटी रद्द. आपल्याला ढग काळे झाले की समुद्र खवळणार हे माहीत. निळ्या आकाशाखाली खवळलेला समुद्र आपण बघितलेला नसतो. तो वाराही दुपारनंतर जास्त चढतो. आपल्याकडेही हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी खारा वारा सुटला की लाँच हेलकावे खाते. म्हणून दोन्हीकडे नियम एकच: पाणी सकाळी ओलांडायचं, दुपारी जमिनीवर असायचं.

त्यातून निघणाऱ्या तीन-चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. जलद जाणाऱ्या छोट्या कॅटमरान बोटी थोड्या वाऱ्यातही रद्द होतात, मोठ्या संथ फेरीबोटी टिकून राहतात. वेळ जास्त लागला तरी मोठी बोट घ्या. डेकवर बसता येतं आणि पोट ढवळत नाही. बोट लागत असेल तर मधल्या भागात, खालच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर ठेवा आणि गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. बसल्यावर घेतलेली गोळी उलटीतून बाहेर पडते. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या. पिरेअस हे अथेन्सचं बंदर केवढं तरी पसरलेलं आहे आणि तिथे दारांना क्रमांक असतात; तिकिटावरचा दरवाजा आदल्या दिवशीच बघून ठेवा, नाही तर सुटकेस ओढत धावावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परतीच्या विमानाच्या आदली रात्र बेटावर काढू नका. ती अथेन्समध्ये काढा. एका वाऱ्यानं विमान गेलं तर परत यायला पैसे मागायचे कुणाकडे?

बेटंही एका ओळीतली घ्या. पिरेअसहून निघालेली फेरी पारोस, नाक्सोस, सांतोरिनी अशी जाते, त्या ओळीतली दोन पुरेत. हौशीपायी पाच बेटं घेतली तर पाच बंदरांच्या पायऱ्या तेवढ्या लक्षात राहतात. मला विचाराल तर नाक्सोस सोडू नका. गावाला लागून एक टेकाड आहे, पूर्वी सुटं बेट होतं, आता बांधानं जोडलंय. त्यावर अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे. देऊळ इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलं आणि पुरं झालंच नाही, चौकट तेवढी राहिली. लाटांचे शिंतोडे अंगावर घेत त्या बांधावरून चाललात की कुलाब्याची आठवण येईल. माझी मैत्रीण म्हणाली, इथे तिथी बघावी लागत नाही एवढाच फरक.

हेच ग्रीक, किंवा ग्रीक बोलणारे व्यापारी, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर येत होते. हे पाहुण्यांना सांगायला नाही, तुमच्या स्वतःच्या उपयोगासाठी सांगते. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत नाविकांसाठी एक माहितीपुस्तक लिहिलं, ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. लेखकाचं नाव राहिलं नाही, पण बंदरांची राहिली. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे आणि सेमुल्ला नावानं चौल आहे. कल्याणबद्दल तर तो तक्रारच करतो. म्हणतो, थोरल्या सारगनसच्या काळी हे बंदर रीतसर व्यापाराचं होतं, पण पुढे संदनेस आला आणि त्यानं अडवणूक केली. आता चुकून कुणी ग्रीक जहाज इथे आलंच तर त्याला पहारा बसवून भडोचला नेतात. सारगनस म्हणजे कुणी सातकर्णी राजा असावा असं अभ्यासक धरतात. राजकारणापायी एका बंदराचा धंदा बसला, ही कल्याणची बातमी पहिल्या शतकातली आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मसनंही कल्याणचं नाव घेतलं, तिथे इराणहून नेमलेला बिशप असतो असं लिहिलं. दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी बघत उभ्या राहा आणि मग हे आठवा. कचरा आणि वाहनांचा आवाज सोडून बाकी खाडी तीच.

ती जहाजं यायची कशी, तर आपण बोटी बंद ठेवतो त्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर. जुलैच्या सुमाराला तिकडून निघायचं, पाऊस सरता सरता इकडे पोचायचं आणि हिवाळ्यात वारे उलटे फिरले की परत जायचं. म्हणजे वाऱ्याचं वेळापत्रक पाळायला त्यांनी आपल्याच समुद्रावर शिकून घेतलं होतं. पाहुण्यांना आणणाराही तोच वारा आणि शिकवणाराही तोच.

त्यांच्या खुणाही बघून ठेवा. कार्ल्याच्या चैत्यगृहात कित्येक खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. जुन्नरला इरिल, चित आणि चंद्र या यवनांची दानं आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणवतो आणि लेणं खोदवतो. हे सगळे अथेन्सहून आलेले होते असं समजू नका. काहींची नावं पाहता ते इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले दिसतात, आणि यवन म्हणजे नेमके कोण यावर विद्वानांचे वाद आहेत. पण कार्ल्याला मात्र जा. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. अथेन्सच्या देवळांची लाकडी छपरं कधीच गेली. मळवलीला उतरायचं आणि वर चालत जायचं, सकाळच्या वेळी.

पडकं बघायची रीत आता सांगते. माझ्या वडिलांची रीत आहे ही, ते किल्ल्यावर नेताना आम्हाला तीनच प्रश्न विचारायचे. पाणी कुठून यायचं? माल कुठून यायचा? आणि हे पाडलं कुणी? तीन उत्तरं सापडेपर्यंत डबा उघडायचा नाही. उत्तरं चुकली तरी चालायची, पण शोधायची. याच्यामुळे काय होतं, तर खांब मोजत आणि फोटो काढत फिरणं बंद होतं. पायाखालच्या पन्हळी दिसायला लागतात.

सोपाऱ्याला हे करून बघा. नालासोपारा पश्चिमेला बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी म्हणजे स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली, तिच्यात ब्राँझच्या बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सापडला. नववा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. हे लेख बघायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. जागेवर आता विटांचा ढीग आणि झाडं. बघणाऱ्याची निराशा होते, आणि होऊ द्यावी, कारण ग्रीसमध्येही निम्म्या ठिकाणी असंच आहे. माल कुठून यायचा हा प्रश्न विचारलात तर मात्र ढिगाचं बंदर होतं. तिथून चक्रेश्वराच्या देवळात जा, ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आहे, अशी सहसा बघायला मिळत नाही.

मग वसईचा किल्ला. पोर्तुगीजांकडे हा मुलूख १५३४ साली आला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. दोन शतकं इथे एक अख्खं शहर होतं, चर्च होती, रस्ते होते, दर्या दरवाजा आणि भुई दरवाजा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे सोपं वाटतं आणि म्हणूनच फसवतं. तोफांनी जेवढं पाडलं त्याहून जास्त वड-पिंपळाच्या मुळांनी आणि माणसांच्या दुर्लक्षानं पाडलं. चर्चच्या कमानीत उगवलेलं झाड फोटोत छान दिसतं, पण भिंत तेच उकलतं. दिव्याहून वसईला जाणारी गाडी कोपर, भिवंडी करत जाते. फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून जातानाच परतीची वेळ लिहून घ्या. डोंबिवलीच्या तुझ्या मैत्रिणीला तर हीच बरी.

आता हेच प्रश्न अथेन्सच्या पार्थेनॉनला विचारा. इसवीसनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात ते बांधलं. लोकांना वाटतं काळानं पाडलं. नाही. ते दोन हजार वर्षं बऱ्यापैकी उभं होतं, आधी देऊळ, मग चर्च, मग मशीद म्हणून वापरात होतं. १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता आणि व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला. एका रात्रीत मधला भाग उडाला. उरलेल्यातली शिल्पं पुढे एल्गिन नावाच्या ब्रिटिश राजदूतानं लंडनला नेली, ती अजून तिथेच आहेत आणि ग्रीक लोक ती परत मागताहेत. आपल्या घारापुरीच्या दगडी हत्तीवरही अशीच वेळ आली होती. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तुटला, म्हणूनच इथे राहिला. जोडून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा केलाय. मी त्याला बघते तेव्हा तुटला ते बरंच झालं असं वाटतं.

पाण्याचा प्रश्न डिलोसला विचारा. मिकोनोसहून अर्ध्या तासावर हे ओसाड बेट आहे. अपोलोचा जन्म तिथला मानतात, त्यामुळे अथेन्सच्या लोकांनी बेट शुद्ध करून तिथे कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये असा नियम केला होता. रोमनांच्या काळात तेच बेट मोठी बाजारपेठ झालं. स्ट्रॅबो लिहितो की दिवसाला दहा हजार गुलाम खपवायची त्याची ताकद होती. नाट्यगृहाखाली कमानींचं भलं मोठं टाकं आहे, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरचं पावसाचं पाणी त्यात उतरायचं. कान्हेरीच्या लेण्यांपुढच्या पोढी ज्यानं बघितल्या त्याला हे पाहताच कळतं. बाकीचे पर्यटक सिंहांच्या रांगेपाशी फोटो काढून परत बोटीत बसतात. डिलोसला रात्री राहायला परवानगी नाही, सावली नाही, आणि वारा वाढला की बोट नाही. मिकोनोसला पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी डिलोस उरकून घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

उन्हाचं काय सांगू? ठाण्याचं ऊन सोसलं म्हणून तिकडचं सोसेल असं समजू नका. आपल्याकडे घाम येतो म्हणून पाणी प्यायची आठवण होते, तिकडे कोरडी हवा असते, घाम वाळून जातो आणि चक्कर आल्यावरच कळतं. जुलै २०२३ मध्ये उष्म्यामुळे अ‍ॅक्रोपोलिस भरदुपारी बंद ठेवावं लागलं होतं. त्याच वर्षीपासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आणि वेळेची तिकिटं सुरू झाली, तेव्हा सकाळची पहिली वेळ आधीच घेऊन ठेवा. वरून दहा-साडेदहाला उतरा आणि दुपार खालच्या वस्तुसंग्रहालयात घालवा. ते २००९ साली उघडलं, काचेच्या जमिनीखाली जुनी वस्ती दिसते. हजारो पावलांनी अ‍ॅक्रोपोलिसवरचा संगमरवर काचेसारखा गुळगुळीत झालाय, म्हणून रबरी तळव्याचे, आधी घालून मुरवलेले बूट. नवे बूट परदेशात पहिल्यांदा घालणाऱ्या मुलींना मी हात जोडते. जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर नोव्हेंबर लागला तोच बरेचसे छोटे मार्ग बंद होतात, हे आधी बघा.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर ‘निस्तीसिमा’ मागा. त्यांचे उपासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य, म्हणजे बरंचसं आपल्याला हवं तेच; कालवं-माकुळ मात्र चालतात, तेवढं विचारून घ्या. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ मिळते, सांतोरिनीला पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण मिळतं, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात मिळतो. आपलं तोंडीलावणं म्हणून मेतकूट, भडंग, सुक्या चटण्या न्या. पेढे, तूप, दूध पावडर मात्र नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. बेटांवर नळाचं पाणी पिऊ नका, अथेन्समध्ये चालतं. आणि तिकडच्या बहुतेक शौचालयांत कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकायचा असतो. जुन्या नळांना तो झेपत नाही. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

व्हिसा शेंगेनचा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी पोचला पाहिजे. मोसमात गर्दी असते, तेव्हा दोन-तीन महिने हातात ठेवा. विमा निदान तीस हजार युरोचा लागतो. पैसे परत न मिळणारं विमानतिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका. दोघींनी एकाच वेळी, एकाच कार्यक्रमपत्रिकेसह अर्ज करा. एकीला मिळाला आणि दुसरीला नाही, यापेक्षा वाईट काही नाही.

आता ज्यावर सहल टिकते किंवा मोडते ते, म्हणजे मैत्रीण. बरोबर कुणाला न्यावं? जिच्याबरोबर खोपटहून अलिबागपर्यंत उभ्यानं प्रवास करून परत येताना गप्पा संपल्या नव्हत्या, तिलाच. पैशांची एक सामाईक डबी ठेवा, दोघींनी सारखे पैसे घालायचे. बोट, टॅक्सी, पाणी, जेवण तिच्यातून. खरेदी ज्याची त्यानं. हिशेब रोज रात्री, दोन मिनिटांत, आणि मग विषय बंद. भूक लागलेली असताना कुठलाही निर्णय घेऊ नका, आधी खा. एकीला देवळं हवीत आणि दुसरीला पोहायचंय, तर रोज दुपारी दोन तास वेगळं व्हा, नेमक्या जागी नेमक्या वेळी भेटा. आम्ही दोघींनी हे पाळलं. माझ्या मैत्रिणीला चढ झेपत नव्हता, ती खालच्या कॉफीच्या दुकानात बसून लोक बघत राहायची, मी वरती जाऊन यायची, आणि संध्याकाळी तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गोष्टी सांगायला असायच्या. एकमेकींच्या पासपोर्टच्या प्रती एकमेकींकडे ठेवा. आणि भांडण झालं तर बोटीत भांडू नका, तिथून उतरता येत नाही.

तिकडून दगड, खापराचा तुकडा, संगमरवराची कपची, काही उचलू नका. गुन्हा आहे, इकडेही आहे. वसईच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना मी दोन शब्द ऐकवते, तुम्हीही ऐकवा.

सराव करायला जागा पुष्कळ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही तीन बेटंच आहेत. खांदेरीला थळहून बोट मिळते. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला जा, आणि दरवाजाच्या पायरीवर उतरताना घाई करू नका. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा, नाखवा हात देतो तो घट्ट धरायचा. हे एकदा जमलं की ग्रीसच्या धक्क्यावर तुमच्याकडे कुणी बघायला नको. पावसाळ्याचे महिने मात्र हे सगळं बंद असतं, त्या दिवसांत कान्हेरी बघा. घारापुरी सगळ्यात सोपी, म्हणून सुरुवातीला तिथे जा. गेटवेहून लाँचला तासभर लागतो, वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळची पहिली लाँच धरा. वार सोमवार सोडून कुठलाही चालेल. सोमवारी लेणी बंद असतात.